चित्र जागेवर, उतारा गहाळ

“फाइल दिसतेय, साइजही साडेतीन जीबी दाखवतेय, पण चालू होत नाही.” रायगडातल्या पेण आणि रोह्याच्या फोटो स्टुडिओंमध्ये लग्नसराईत आणि गणपतीनंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. कधी त्याचाच दुसरा प्रकार असतो : “व्हिडिओ चालतोय, पण पुढे सरकवला की अडकतो. काही बघायचं तर सुरुवातीपासून बसायचं.” कार्ड घेऊन येणारा बहुधा नवरीचा भाऊ असतो किंवा मंडळाचा कार्यकर्ता. काउंटरवर त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, “कार्ड करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल.” तो मान डोलावतो, फॉरमॅट मारला जातो, आणि त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न चढतं.

हे थांबावं म्हणून हा लेख लिहितो आहे. अशा बहुतेक फाइलींत चित्र शाबूत असतं. हरवलेली असते ती चित्र कुठे ठेवलंय याची नोंद, आणि ती पुष्कळदा पुन्हा तयार करता येते. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडचं किती चित्रण पुसलं गेलं असेल, याचा विचार केला की जीव कळवळतो.

कारण या दोन गावांत जे टिपलं जातं ते इतर कुणी टिपून ठेवलेलं नाही. पेणच्या गणेशमूर्तींची आखणी घ्या. हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढणारे, घासकाम करणारे, रंग मारणारे हात अनेक असतात. डोळ्यांची आखणी मात्र मोजक्याच जणांकडे जाते. जुन्या कारागिराचा ब्रश पापणीच्या कडेवरून कसा सरकतो, श्वास कुठे रोखला जातो, हे शब्दांत सांगून शिकवता येत नाही. ते बघावं लागतं. रोह्यात धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर गावात फिरते, ग्रामदैवताला सशस्त्र पोलिसांची सलामी दिली जाते. पालखी कोणत्या दारी किती वेळ थांबली, त्या वर्षी खांदेकरी कोण होते, रस्ता केवढा होता, कौलारू घरं किती उरली होती, हे सगळं एखाद्या हौशी माणसाच्या हँडीकॅममध्ये आहे. याच रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांची प्रवचनं स्वाध्याय केंद्रांतून व्हिडिओवर दाखवण्याची पद्धत पडली, तेव्हा चित्रफितीचं मोल या मुलखाला नव्याने सांगायची गरज नाही. तरी आपण फाइल मेली म्हणतो आणि पुढे जातो.

आता फाइलीच्या आत काय असतं ते पाहू. हल्लीचे कॅमेरे आणि फोन बहुतेक करून एमपी-४ किंवा त्याची सख्खी बहीण एमओव्ही अशी फाइल बनवतात. दोन्हींची रचना ॲपलने १९९१ साली आणलेल्या क्विकटाइमवरून आलेली. फाइल म्हणजे एकामागोमाग ठेवलेले कप्पे. पहिला छोटा कप्पा, एफटाइप, ही फाइल कोणत्या जातीची ते सांगतो. दुसरा अजस्र, एमडॅट, त्यात खरं चित्र आणि आवाज. तिसऱ्याचं नाव मूव्ह. त्यात चित्राचा एक कणही नसतो; असते ती यादी. कितवी चौकट फाइलीत कुठे सुरू होते, केवढी आहे, कोणत्या क्षणी दाखवायची, आवाजाचा कोणता तुकडा तिच्यासोबत वाजवायचा. हा मूव्ह म्हणजे तलाठ्याचं दफ्तर. दफ्तर जळालं म्हणून जमीन कुठे जात नाही, पण कोणता गट कुठून कुठवर हे सांगायला कुणी उरत नाही, आणि उताऱ्याशिवाय व्यवहार होत नाही. व्हिडिओ प्लेअर हा उताऱ्यावर चालणारा प्राणी आहे. उतारा नसला तर तो जमिनीकडे बघतसुद्धा नाही. “फाइल अनसपोर्टेड आहे” म्हणून मोकळा होतो.

दफ्तर हरवतं कसं? चित्रण चालू असताना कॅमेरा एमडॅट लिहीत जातो आणि यादी स्वतःच्या स्मरणात वाढवत ठेवतो. स्टॉपचं बटण दाबलं की शेवटी ती यादी मूव्ह म्हणून लिहितो, मग मागे येऊन एमडॅटच्या माथ्यावर त्याचा आकार भरतो. या मधल्या क्षणी बॅटरी निखळली, अडॅप्टरवर कॅमेरा चालू असताना लाइट गेली, लाल दिवा लुकलुकत असतानाच कुणी घाईने कार्ड काढलं, की यादी कॅमेऱ्याच्या स्मरणातच विरून जाते. तासाभराच्या चित्रणात सेकंदाला २५ प्रमाणे ९० हजार चौकटी. प्रत्येकीचा आकार नोंदवायला चार बाइट धरले तर साडेतीनशे केबी होतात. बाकीच्या नोंदी मिळवून सगळी यादी फार तर एखाद-दोन एमबीची. कित्येक जीबींच्या चित्रणाचा जीव एवढ्याशा मजकुरात अडकलेला असतो.

आखणीचं चित्रण चालू असताना बॅटरी निखळलेली एक फाइल पेणहून माझ्याकडे आली. अशा फाइलीकडे प्लेअरमधून बघण्यात अर्थ नसतो. ती हेक्स एडिटरमध्ये उघडायची. त्यात फाइलीतला एकेक बाइट दोन-दोन चिन्हांच्या जोड्यांत दिसतो. पहिल्याच ओळीत ६६ ७४ ७९ ७० दिसलं. हे एफटाइपचं नाव. म्हणजे सुरुवात धड आहे. थोडं खाली एमडॅटची खूण, आणि तिच्या आधी जिथे आकाराचा आकडा हवा तिथे नुसती शून्यं. कॅमेऱ्याला मागे येऊन आकार भरायला वेळ मिळाला नाही, हे त्या शून्यांवरूनच कळतं. मूव्ह शब्दाचा शोध घेतला, शेवटपर्यंत कुठे नाही.

त्यानंतरचं काम म्हणजे मोजणी. साखळी घेऊन एका बांधापासून निघायचं आणि पुढचे बांध शोधत जायचं. एच-२६४ पद्धतीने दाबलेल्या चित्राचा प्रत्येक तुकडा एमपी-४ मध्ये चार बाइटांच्या आकड्याने सुरू होतो. तो आकडा म्हणजे तुकड्याची लांबी. तेवढ्या बाइटांची उडी मारली की पुढच्या तुकड्याच्या दारात उभे. लांबीच्या लगेच पुढचा बाइट तुकड्याचा प्रकार सांगतो. तिथे ६५ असेल तर ती पूर्ण चौकट, स्वतःच्या पायावर उभी राहणारी. ४१ असेल तर आधीच्या चौकटीत काय बदललं तेवढंच सांगणारी, टेकू घेणारी. या फाइलीत ६५ दिसलं, मागोमाग ४१ ची रांग, साधारण अर्ध्या सेकंदाने पुन्हा ६५. तालात. तो ताल दिसला की उमगतं, कारागिराचा हात इथेच आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली आवाजाची. चित्राच्या तुकड्यांमध्ये आवाजाचे तुकडे पेरलेले असतात. पुष्कळसे डीएसएलआर आवाज न दाबता तसाच लिहितात : सेकंदाला ४८ हजार नमुने, दोन बाजू, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला बरोबर १ लाख ९२ हजार बाइट. त्याचा हिशेब ठरलेला, म्हणून ओलांडून जाता येतं. फोन मात्र आवाज एएसी पद्धतीने दाबतात, आणि एमपी-४ मध्ये त्या तुकड्यांच्या माथ्यावर लांबी लिहिलेलीच नसते. ती होती हरवलेल्या यादीत. म्हणून महागड्या फोनची फाइल कित्येकदा जुन्या कॅमेऱ्याच्या फाइलीपेक्षा जास्त दमवते. दुसरी अडचण : चित्र केवढं, कोणत्या रीतीने दाबलंय, हे सांगणारे मूळ नियमही कित्येक कॅमेरे मूव्हमध्येच ठेवतात. ते कुठून आणायचे? त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेल्या दुसऱ्या धड फाइलीतून. इटलीच्या फेदेरिको पोंकियो यांनी लिहिलेलं अनट्रंक नावाचं मोफत साधन हेच करतं. त्याला एक चांगली फाइल दाखवायची आणि एक मोडलेली द्यायची. चांगलीवरून नियम शिकून ते मोडलेलीत बांध शोधत जातं आणि नवा मूव्ह बांधतं. म्हणून स्टुडिओवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं : प्रत्येक कॅमेऱ्याची, नेहमीच्या सेटिंगवरची एक-दोन मिनिटांची धड फाइल कायम जपून ठेवा. कॅमेरा विकला तरी ती फाइल विकू नका, पुसू नका.

पेणची ती फाइल उघडली. बॅटरी गेली तिथला शेवटचा थोडा भाग उरला नाही, कारण तो कार्डावर पोहोचलाच नव्हता. मध्ये एके ठिकाणी एक पूर्ण चौकट बिघडलेली होती; तिच्यावर टेकलेल्या चौकटी पुढच्या ६५ पर्यंत रंगांचा चिखल दाखवत होत्या. अर्धा सेकंद. बाकी दोन्ही डोळ्यांची आखणी सलग मिळाली.

“पुढे सरकवता येत नाही” ही तक्रार यामानाने सोपी, आणि म्हणूनच तिच्यापायी फाइल टाकून देणं मनाला जास्त लागतं. जुन्या एव्हीआय फाइलींत, मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या, यादी शेपटाला असते. ती तुटली तर व्हीएलसी स्वतःच विचारतं, यादी नव्याने बनवू का? हो म्हणायचं. एमकेव्ही फाइलीला यादी नसली तरी ती चालते, फक्त उड्या मारत नाही. सुट्या भागांत लिहिल्यामुळे मध्येच तुटली तरी तोवरचं सगळं हाती राहतं, म्हणून संगणकावरून थेट चित्रण करणाऱ्यांनी आधी एमकेव्हीत नोंदवावं आणि नंतर एमपी-४ करावं. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : चित्र-आवाज तसेच्या तसे उचलून नव्या डब्यात ठेवायचे, म्हणजे यादी आपोआप नवी होते. एफएफएमपेग हे फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं मोफत साधन हे काम काही मिनिटांत करतं आणि चित्राच्या एका ठिपक्यालाही हात लावत नाही. पण आपल्याकडे अशी फाइल सर्रास कन्व्हर्टरमध्ये घातली जाते. चित्र पुन्हा दाबलं जातं, चेहऱ्यांवरचा तपशील जातो, आणि व्हिडिओ दुरुस्त झाला म्हणून समाधान मानलं जातं. ज्याच्या आजीचा चेहरा त्यात होता त्याला काय गेलं हे कधी कळतही नाही.

एक चमत्कारिक प्रकार हरिनाम सप्ताहाच्या चित्रणात होऊ शकतो. डिजिटल प्रसारणाची टीएस फाइल १८८ बाइटांच्या पुड्यांची बनते, प्रत्येक पुडीची सुरुवात ४७ या खुणेने. पुडी हरवली तरी पुढची ४७ सापडते आणि गाडी पुन्हा रुळावर येते. फार भक्कम रचना. मात्र तिच्या घड्याळाला ३३ बिटांचीच जागा आहे, आणि ते सेकंदाला ९० हजार टिक मोजतं. साडेसव्वीस तासांनी घड्याळ भरतं आणि शून्यावर येतं. अखंड वीणा सात दिवस उभी असते. तेवढं सलग चित्रण एका टीएस फाइलीत केलं तर घड्याळ सहा वेळा शून्यावर येईल. मग काकड्यावर बोट ठेवलं तर प्लेअर भलत्याच दिवसाच्या कीर्तनात नेऊन सोडतो, नाहीतर जागचा हलत नाही. वेळेच्या खुणा नव्याने घातल्या की सप्ताह पुन्हा ओळीत लागतो. खरं तर दर काही तासांनी नवी फाइल सुरू करणंच शहाणपणाचं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे बाहेरचे कॅमेरे गावांत पोहोचणं अवघड होतं. जे टिपलं गेलं त्यातलं बरंचसं लोकांनी स्वतःच्या फोनवर. पत्रे उडताना, माड-सुपारी पडताना. नंतर बऱ्याच गावांत कित्येक दिवस लाइट नव्हती. बॅटरी हळूहळू उतरली तर फोन सहसा फाइल नीट मिटवून मग बंद होतो. पण फोन हातातून पडला, पाण्यात गेला, तर यादी लिहायची राहून जाते. अशा न उघडणाऱ्या फाइली आजही जुन्या फोनांत असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या जपाव्यात. सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्यात जास्त आहे : वारा कोणत्या दिशेने होता, आधी काय पडलं, माणसं काय ओरडत होती.

काही गोष्टी मात्र खरोखर परत येत नाहीत, आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या कार्डावर नवं चित्रण चढलं, तिथलं जुनं गेलं. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट बहुधा फक्त नोंदवही कोरी करतो. त्यानंतर लगेच कार्ड बाजूला ठेवलं तर फोटोरेकसारखं मोफत साधन पुष्कळ काही बाहेर काढतं. फाइलीचा आकार शून्य दिसला तरी घाबरायचं कारण नाही, आकाराची नोंद राहिली असेल, मजकूर असू शकतो. पण कार्ड परत कॅमेऱ्यात घालून “बघू चालतं का” म्हणून दोन मिनिटं शूट केलं, की नेमका हवा तोच भाग चिरडला गेला म्हणून समजा. एसडी कार्डाच्या कडेला छोटी कुलपाची पट्टी असते. तक्रार कळताच ती आधी खाली करायची. दुसरी गोष्ट खोट्या कार्डांची. वर १२८ जीबी छापलेलं आणि आत जेमतेम ८ जीबीची जागा, अशी कार्डं बाजारात येतात. खरी जागा भरली की ती पुढचं चित्रण कुठेच लिहीत नाहीत किंवा आधीच्यावर लिहितात, आणि कॅमेऱ्याला काही कळू देत नाहीत. यावर जगात इलाज नाही. नवं कार्ड आणलं की ते संगणकावर पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासायचं, मगच लग्नाला न्यायचं.

चित्रण पुरावा म्हणून लागणार असेल, म्हणजे महामार्गावरचा अपघात, दुकानातला डीव्हीआर, तर दुरुस्तीची खुमखुमी आवरावी. या बाबतीत देशाला लागू पडलेला निकाल महाराष्ट्रातल्याच एका व्हिडिओवरून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले गेले का, या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण पुरावा म्हणून आलं. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलीचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला एक आकडा. एक बाइट बदलला तरी तो पार बदलतो. म्हणून मूळ कार्ड किंवा डिस्क तशीच सीलबंद, तिची जशीच्या तशी प्रत, आणि जे काही करायचं ते त्या प्रतीच्या प्रतीवर. मला विचाराल तर लग्नाच्या फाइलीलाही हाच नियम लावावा.

आणि आता कपाटांकडे वळतो, कारण घाई तिथे आहे. कार्डावरची मोडलेली फाइल कार्डाला हात न लावता ठेवली तर काही काळ थांबू शकते. २००० च्या दशकातल्या व्हीसीडी-डीव्हीडी थांबणार नाहीत. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीत चित्र एका सेंद्रिय रंगाच्या थरात कोरलेलं असतं. ऊन, उष्मा आणि दमट हवा त्याला मारते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या हवेत व्हीएचएस कॅसेटींना पांढरी बुरशी लागते हे प्रत्येक जुन्या स्टुडिओवाल्याने पाहिलंय. डीव्हीडीला लागलेली कीड डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक. फिल्मही टिकतेच असं नाही : फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांपैकी पहिलं आणि चौथं अशी दोनच रिळं आज उपलब्ध आहेत. पण फिल्म निदान उजेडासमोर धरली की आत काय आहे ते दिसतं. चकतीचं तसं नाही. ती वाचणारं यंत्र आणि वाचता येणारा थर, दोन्ही एकाच वेळी हवेत, आणि नव्या लॅपटॉपांतून डीव्हीडीचा खण केव्हाच गेला.

चकती कॉपी करताना ८० टक्क्यांवर अडकली की लोक सोडून देतात. विंडोजची नेहमीची कॉपी पहिल्या अडथळ्याला हात टेकते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वेगळ्या रीतीने जातं : आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, खराब जागा नकाशात नोंदवतं, मग त्या जागांकडे परतून पुन्हा पुन्हा कडेकडेने कुरतडत जातं. डीव्हीडीतलं एमपेग चित्रण ठरावीक खुणांनी पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतं, त्यामुळे मधला ओरखडा ओलांडला की पुढचं दिसू लागतं.

दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात आधी भंगारात जातात त्या याच चकत्या. टाकण्याआधी एक करता येईल. लग्नाची डीव्हीडी स्टुडिओवाला एकाच मास्टरवरून दोन्ही घरांना देत असे. डीडीरेस्क्यूला त्याच नकाशासह दुसरी प्रत दिली, तर पहिलीत न मिळालेले तुकडे ते दुसरीतून घेतं. माहेर पेणला, सासर रोह्याला असेल तर एक चकती इकडच्या लोखंडी कपाटात असेल, दुसरी तिकडच्या टीव्हीखालच्या खणात. दोन्ही घासलेल्या असतील, दोन्ही अडकत असतील. पण ओरखडे दोघींवर नेमके एकाच जागी असण्याची शक्यता फार कमी असते. या भाऊबीजेला जाताना आपल्याकडची चकती सोबत न्या, आणि तिकडची मागून घ्या.